छावणीतले पाणी: टाकीपासून झोपडीतल्या शेवटच्या पेल्यापर्यंत

जुलै १९९४ मध्ये रवांडातून लाखो माणसे काही दिवसांत सीमा ओलांडून झाईरमधल्या (आजच्या काँगोतल्या) गोमाच्या परिसरात येऊन थडकली. पहिल्या महिन्याभरात त्यांतली सुमारे ५०,००० दगावली, मुख्यतः कॉलरा आणि हगवणीने. समोर किवू सरोवर भरलेले होते. तुटवडा पाण्याचा नव्हता, शुद्ध पाण्याचा आणि ते वाटण्याच्या सोयीचा होता. खाली ज्वालामुखीचा कातळ, त्यामुळे ना विहीर खणता येत होती, ना शौचखड्डा. या अनुभवानंतर १९९७ मध्ये ‘स्फिअर’ मानकांचे, म्हणजे आपत्तीतल्या मदतकामाच्या किमान निकषांचे, काम सुरू झाले. आज निर्वासितांच्या छावणीत पाण्याचे काम करणारा कोणीही त्यातले आकडे झोपेतून उठून सांगेल: माणशी रोज १५ लिटर, एका तोटीमागे २५० माणसे, तोटी ५०० मीटरच्या आत, रांग अर्ध्या तासाच्या आत.

आकडे पाठ असूनही छावण्यांत जुलाब पसरतात. पाणी तपासले जाते टाकीपाशी आणि प्यायले जाते झोपडीत. मधे दहा-बारा तास जातात, कधी अख्खा दिवस. त्या वेळात पाण्याचे काय होते हे ज्याला माहीत नाही, त्याने टाकीत कितीही नेमके औषध टाकले तरी काम अर्धेच झाले.

आधी हिशेब

५,००० माणसांची वस्ती धरू. माणशी १५ लिटर म्हणजे रोज ७५,००० लिटर. दवाखाना, शाळा आणि गळती यांचे पाणी यावर वेगळे धरायचे. कॉलरा उपचार केंद्र असेल तर प्रत्येक रुग्णामागे ६० लिटर आणि सोबतच्या माणसामागे १५ लिटर लागतात, म्हणजे पन्नास खाटांचे केंद्र एका छोट्या वस्तीइतके पाणी पिते.

तोट्या किती? ५,००० भागिले २५०, म्हणजे २०. पण हा २५० आला कुठून ते समजून घ्या. तोटीतून मिनिटाला ७.५ लिटर पाणी येते असे त्यात गृहीत धरलेले आहे. २५० माणसांचे ३,७५० लिटर त्या वेगाने भरायला ५०० मिनिटे, म्हणजे सव्वाआठ-साडेआठ तास लागतात. दाब कमी पडून धार ४ लिटरवर आली, तर तेच पाणी भरायला साडेपंधरा तास हवेत. कागदावर तोट्या पुरेशा असतात आणि रांग मात्र रात्रीपर्यंत हलत नाही, त्याचे कारण बहुधा हेच. म्हणून तोट्या मोजून थांबू नका. घड्याळ आणि २० लिटरचा कॅन घेऊन प्रत्येक तोटीची धार मोजा. कॅन भरायला २ मिनिटे ४० सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर त्या तोटीवर २५० माणसे लावता येणार नाहीत.

दिवसभर एकसारखी मागणी नसते. पहाटे आणि संध्याकाळी झुंबड, दुपारी शुकशुकाट. टाक्या रात्रीत भरून ठेवल्या नाहीत तर सकाळी आठलाच तळ दिसतो. किमान अर्ध्या दिवसाचे आणि जमल्यास पूर्ण दिवसाचे पाणी साठवता यावे.

टँकर, टाकी, तोटी

टँकरचा हिशेब खेपांवर चालतो. १०,००० लिटरचा टँकर, भरायला २० मिनिटे, जाऊन-येऊन सव्वा तास, रिकामा करायला २५ मिनिटे: एक खेप दोन तासांची. दहा तासांच्या दिवसात पाच खेपा, म्हणजे ५०,००० लिटर. ७५,००० साठी दोन टँकर पुरतात असे दिसते, पण दोनवर भागवू नका, तिसरा लागतोच. एक पंक्चर होतो, एकाचे डिझेल संपते, पाऊस आला की रस्ता चिखलात जातो. भरण्याच्या ठिकाणी पंप छोटा असेल तर टँकर वाढवून उपयोग नाही, ते तिथेच रांगेत उभे राहतील. करार फेरीवर न करता छावणीत प्रत्यक्ष उतरलेल्या लिटरवर करा आणि टाकीवर पातळीच्या खुणा रंगवून घ्या.

पहिल्या दिवसांत उशीच्या आकाराची लवचिक टाकी उपयोगी पडते, तासा-दोन तासांत उभी राहते. तिला जमीन अगदी सपाट लागते. उतारावर ठेवली तर भरताना ती हळूहळू खालच्या बाजूला सरकते, लोळते आणि पाइपाचा सांधा उखडते. खालचे खडे वेचा, वाळूचा थर द्या, वर ताडपत्री घाला. उंचीसाठी चौथरा करायचा तर मातीच्या पोत्यांचा भरीव करा. १०,००० लिटर म्हणजे १० टन वजन. घाईत बांधलेल्या बांबू-बल्ल्यांना ते पेलत नाही. दर मीटर उंचीमागे सुमारे ०.१ बार दाब मिळतो, त्यामुळे टाकीसाठी नैसर्गिक उंचवटा सापडला तर तो सोडू नका.

तोट्यांचे स्टँड शौचालयांपासून किमान ३० मीटर दूर असावेत. सांडपाण्याला उताराची फरशी आणि खडी भरलेला शोषखड्डा हवा, नाहीतर आठवड्यात तिथे डास आणि चिखल. कॅन ठेवायला खाली एक ओटा आणि उचलून डोक्यावर किंवा खांद्यावर घेण्यासाठी कमरेइतक्या उंचीचा दुसरा ओटा करा. जागा ठरवताना पाणी भरणाऱ्या बायका-मुलींना वेगळे बसवून विचारा. पुरुषांच्या बैठकीत ठरलेली जागा पुष्कळदा पुरुषांच्याच बैठकीशेजारी असते आणि अंधार पडल्यावर तिकडे कोणी मुलगी फिरकत नाही. दाबून धरायच्या तोट्या पाणी वाचवतात, पण त्यांचे वॉशर आणि स्प्रिंग लवकर जातात. सुटे भाग पहिल्याच दिवशी मागवून ठेवा. ते नसले की लोक तोटी दोरीने बांधून कायमची उघडी ठेवतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

शेजारच्या गावालाही या हिशेबात धरा. ज्यांच्या विहिरीजवळून बोअर घेतला, ज्यांच्या दारावरून रोज भरलेले टँकर धूळ उडवत जातात, त्यांच्या वाट्याला एकही तोटी नाही अशी योजना महिन्याभरात भांडणात अडकते.

गढूळ पाणी: आधी तुरटी

नदीचे किंवा तळ्याचे पाणी गढूळ असेल तर क्लोरीनला हात लावण्यापूर्वी गाळ बसवा. मातीचे कण क्लोरीन खाऊन टाकतात आणि जंतूंना आडोसा देतात. लक्ष्य ५ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायच्या एककाच्या) खाली. मोजायला गढूळपणाची नळी असते: तळाशी काळी खूण, वरून पाणी ओतत जायचे आणि खूण दिसेनाशी झाली की नळीवरचा आकडा वाचायचा. आणीबाणीत थोडे दिवस २० एनटीयूपर्यंतचे पाणी क्लोरीनची मात्रा वाढवून देता येते, पण ती सवलत आहे, पद्धत नव्हे.

तुरटीची मात्रा पाण्यापाण्यानुसार बदलते, म्हणून आधी छोटी चाचणी. १० ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवा. हे १ टक्क्याचे द्रावण. एकेक लिटर कच्चे पाणी असलेल्या पाच-सहा पारदर्शक बरण्या घ्या आणि त्यांत २, ४, ६, ८, १० मिलिलिटर द्रावण टाका. १ मिलिलिटर म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम. एक मिनिट जोरात ढवळा, मग दहा-पंधरा मिनिटे अगदी हळू, आणि ठेवून द्या. हळू ढवळताना कापसासारखे पुंजके बनू लागतात. तेव्हाच कोणी घाई करून जोरात ढवळले तर ते फुटतात आणि पुन्हा जुळत नाहीत. ज्या सर्वांत कमी मात्रेत पाणी नितळ झाले ती तुमची मात्रा. जास्त तुरटीने जास्त नितळ होते हा गैरसमज आहे. मात्रा ओलांडली की पाणी पुन्हा धूसर राहते.

टाकीत हेच करायचे तर पंपाच्या ओढ-पाइपात बारीक नळीने तुरटीचे द्रावण सोडा. पंपाचा पंखाच जोराचे ढवळणे करतो. टाकीत पाणी सोडणाऱ्या पाइपाचे तोंड भिंतीला समांतर वळवा, म्हणजे पाणी गोल फिरत राहते आणि हळू ढवळणे आपोआप होते. मग काही तास हात लावू नका. वरचे नितळ पाणी दुसऱ्या टाकीत घ्या आणि तळातला गाळाचा थर ओढला जाणार नाही इतक्या उंचीवर पाइप ठेवा. तुरटी आणि क्लोरीन एकाच वेळी एकाच टाकीत टाकू नका. क्लोरीन गाळातच खर्च होतो आणि दोन्ही कामे बिघडतात.

क्लोरीनची मात्रा ठरवणे

१ टक्क्याचे मूळ द्रावण लिटरमागे असे बनते: ६५ ते ७० टक्के क्लोरीन असलेली कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडर १५ ग्रॅम, किंवा ३० टक्क्यांची ब्लीचिंग पावडर ३३ ग्रॅम. ब्लीचिंग पावडर उघडी राहिली, उन्हात राहिली की झपाट्याने उतरते, म्हणून पोत्यावरच्या टक्क्यांवर विसंबू नका. पावडर पाण्यात टाका, पावडरीवर पाणी ओतू नका. डबा प्लास्टिकचा घ्या, धातू गंजतो. ढवळून साका खाली बसू द्या आणि वरची निवळीच वापरा, नाहीतर क्लोरीन सोडणारी बारीक नळी दोन दिवसांत तुंबते. द्रावण झाकून, सावलीत, एक आठवड्याच्या आत संपवा. साठ्याची खोली हवेशीर हवी. तिथे डिझेल-तेल ठेवायचे नाही, आम्ल ठेवायचे नाही, आणि वेगवेगळ्या प्रकारच्या क्लोरीन पावडरी एका डब्यात कधीही एकत्र करायच्या नाहीत, स्फोट होऊ शकतो.

आता मात्रा. २० लिटरच्या चार बादल्या (धातूच्या नकोत) नितळ पाण्याने भरा. द्रावण १ टक्क्याचे असल्याने १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम क्लोरीन असतो, म्हणजे २० लिटरच्या बादलीत १ मिलिलिटर टाकल्यास लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम. सिरिंजने २, ४, ६, ८ मिलिलिटर टाका, ढवळा, झाका आणि अर्धा तास थांबा. मग प्रत्येक बादलीतला उरलेला मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला अजून मोकळा असलेला, मोजा. समजा आकडे आले ०, ०.१, ०.८ आणि १.७. तिसऱ्या बादलीत लिटरमागे ३ मिलिग्रॅम टाकले आणि ०.८ उरले, म्हणजे २.२ या पाण्याने स्वतःच खाल्ले. तोटीवर ०.८ पुरे असेल तर मात्रा ३ मिलिग्रॅम. १०,००० लिटरच्या टाकीला ३० ग्रॅम क्लोरीन, म्हणजेच ३ लिटर द्रावण.

ही चाचणी एकदा करून भिंतीवर आकडा लिहून ठेवणे ही नेहमीची चूक. पाऊस पडला, नदीचे पाणी बदलले, पावडरीचे नवे पोते फोडले, की चाचणी पुन्हा. पाण्याचा पीएच ८ च्या वर असेल किंवा पाणी फार थंड असेल तर अर्धा तास पुरत नाही, तासभर किंवा त्याहून जास्त थांबावे लागते. आणि क्लोरीनने सगळे मरते असे समजू नका. जुलाब करणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी त्याला दाद देत नाही. त्यासाठी गाळणे आणि गाळ बसवणे हाच उपाय, म्हणून तुरटीचे काम उरकल्यासारखे करू नये.

टाकीच नसेल, लोक थेट नदीतून किंवा उघड्या विहिरीतून भरत असतील, तर काठावर सिरिंज घेऊन माणूस बसवा. वरच्याच मात्रेने २० लिटरच्या कॅनला ६ मिलिलिटर, १० लिटरच्या कॅनला ३. कॅन भरून झाल्यावर टाकायचे, अर्ध्या तासानंतर प्यायचे. पहाटे पहिला कॅन भरला जातो तेव्हा तो माणूस तिथे असला पाहिजे. आठ वाजता येणाऱ्याच्या हाती निम्मे पाणी लागतच नाही.

मोजताना काय चुकते

मुक्त क्लोरीनसाठी डीपीडी १ ची गोळी, क्लोरीन असला की पाणी गुलाबी करणारी. गोळी बोटांनी धरायची नाही, पट्टीतून थेट नळीत पाडायची. पाणी गुलाबी झाले की लगेच, दिवसाच्या उजेडात, रंग जुळवून वाचायचे. पाच मिनिटांनी वाचलेला आकडा आकडा नसतो. त्याच नळीत नंतर डीपीडी ३ ची गोळी टाकली की एकूण क्लोरीन दिसतो, म्हणजे मुक्त आणि इतर पदार्थांशी जोडला गेलेला मिळून. तो आकडा चुकून मुक्त क्लोरीन म्हणून लिहिला गेला तर पाणी आहे त्याहून सुरक्षित दिसते.

एक सापळा मात्र नव्या माणसाला हमखास पकडतो. क्लोरीन फारच जास्त असेल, तर गोळीचा गुलाबी रंग येताक्षणी उडून जातो आणि पाणी पांढरे दिसते. कामगार ‘शून्य’ लिहितो आणि आणखी द्रावण ओततो. टाकीजवळ क्लोरीनचा वास झोंबतो आहे आणि नळी पांढरी आहे असे दिसले, तर एक भाग पाणी आणि नऊ भाग क्लोरीन नसलेले स्वच्छ पाणी मिसळून पुन्हा तपासा आणि आकड्याला दहाने गुणा.

तोटीनंतरचे पाणी

तोटीवर लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन हे जुने, सर्वत्र छापलेले लक्ष्य आहे. नळाच्या गावात, जिथे पाणी तोटीवरच प्यायले जाते, तिथे ते ठीक. छावणीत ते पाणी कॅनमध्ये, उन्हात, गरम झोपडीत राहते आणि क्लोरीन उडत जातो. दक्षिण सुदानच्या मबान भागातल्या छावण्यांत २०१२ मध्ये हिपॅटायटिस ई, म्हणजे दूषित पाण्यातून होणारी कावीळ, पसरली. त्या देशातल्या छावण्यांत पुढे झालेल्या अभ्यासातून तोटीवर लिटरमागे १ मिलिग्रॅम ठेवण्याची शिफारस निघाली. कॉलऱ्याच्या साथीतही तोटीवर १ आणि टँकर भरताना २ हाच नियम आहे. पण दुसऱ्या छावणीचा आकडा उसना घेण्यापेक्षा स्वतःचा काढा. एका दिवसाचे काम आहे.

एकाच तोटीवरून तीन भांडी भरा: नवा कोरा कॅन, एखाद्या घरातला वापरातला कॅन आणि उघडी बादली. तिन्ही भांडी एका झोपडीत, लोक ठेवतात तिथेच ठेवा. भरल्याबरोबर, मग २, ६, १२ आणि २४ तासांनी क्लोरीन मोजा. उघड्या बादलीत तो सर्वांत आधी संपेल. कोऱ्या कॅनमध्ये टिकला आणि वापरातल्या कॅनमध्ये संपला, तर दोष मात्रेचा नाही, कॅनच्या आतल्या बुळबुळीत थराचा आहे, आणि टाकीत जास्त क्लोरीन टाकून तो जाणार नाही. कोऱ्या कॅनमध्येही सहा तासांत संपला, तर तोटीवरची मात्रा वाढवा, एका वेळी ०.२ ने. एकदम वाढवलीत तर लोक वासाला कंटाळून नदीवर जातील. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे ५ मिलिग्रॅम आहे, पण जीभ त्याच्या फार आधी नकार देते. वाढवण्याआधी तोटीवर थांबून सांगा की वास का येणार आहे.

कॅन धुण्यासाठी मूठभर खडबडीत वाळू किंवा बारीक खडे, थोडे पाणी आणि थोडे क्लोरीनचे द्रावण आत घाला, झाकण लावून दोन-तीन मिनिटे हलवा आणि ओता. पहिल्यांदा निघणारे हिरवट-करडे पाणी घरच्या माणसांना दिसू द्या. पत्रकाची गरज उरत नाही. तोट्यांवर दर आठवड्याला एक सकाळ यासाठी राखून ठेवता येते.

प्रत्येक घराला दोन भांडी हवीत: एक आणायला, एक साठवायला, दोन्ही १० ते २० लिटरची. साठवायच्या भांड्याचे तोंड हात आत जाणार नाही इतके अरुंद असावे. हे किरकोळ वाटते, पण मलावीतल्या एका निर्वासित छावणीत १९९३ मध्ये झाकण आणि तोटी असलेल्या बादल्या वाटून पाहिल्या, तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांमधला जुलाब सुमारे ३१ टक्क्यांनी घटला. पाणी तेच होते, फक्त हात आत जाणे थांबले. लहान मुलेही पाणी आणतात, त्यांच्यासाठी १० लिटरचे कॅन वेगळे मागवा. २० लिटरचा भरलेला कॅन आठ वर्षांच्या मुलीला उचलत नाही; ती तो अर्धा भरते आणि दुप्पट खेपा घालते.

रोजची नोंद

टाकीची प्रत्येक भर, प्रत्येक स्टँडची रोज एक तोटी, आणि दर आठवड्याला छावणीच्या वेगवेगळ्या भागांतली तीसेक घरे. घरात आकडा लिहिताना पाणी कधी भरले आणि कोणत्या तोटीवरून, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. त्यांच्याशिवाय शून्याचा अर्थ लागत नाही. चोवीस तासांच्या पाण्यात ०.२ उरला असेल तर काम नीट चालले आहे. एकाच स्टँडभोवतीची घरे शून्यावर असतील तर त्या पाइपात गळती किंवा उलटे ओढले जाणारे घाण पाणी शोधा. सगळीकडे विखुरलेली शून्ये असतील तर कॅन बघा. आणि घरात क्लोरीन अजिबात नाही पण तोटीवर भरपूर आहे, असे एखाद्या कोपऱ्यात सातत्याने दिसले, तर विचारा की हे पाणी खरेच तोटीचे आहे का. लांबच्या टोकाची घरे पुष्कळदा जवळच्या नाल्यातून भरत असतात.

नोंदवहीत महिनाभर प्रत्येक तोटीवर ०.५, ०.५, ०.५ असेच दिसत असेल, तर तपासणी तंबूत बसून होते आहे. खरे आकडे कधीच इतके शहाण्यासारखे वागत नाहीत. रागवण्याआधी गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या मोजा: चार स्टँड, तीस दिवस, एकट्या तोट्यांच्याच १२० गोळ्या फुटलेल्या असायला हव्यात.